बकुळमावशीचं बिनशब्दांचं मंगलाष्टक

झाशीत मराठी घरांत लग्न ठरलं की हॉलच्या आधी बकुळ आठल्ये ठरायची. तिच्या मंगलाष्टकांशिवाय मुलगी उजवली असं कुणाला वाटायचंच नाही. रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवर दिवसभर "अगला!" म्हणणारा तो गळा लग्नात असा काही लागायचा, की वरमायसुद्धा मानपान विसरून ऐकत राहायची. पण दोन वर्षांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. बोलता यायचं, घोगरं घोगरं. सूर जरा वर नेला की मात्र फाटलाच म्हणून समजा.

रडत बसणारी बाई ही नव्हे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली! नगरा मोहल्ल्यातल्या घरी ती थोरली बहीण अंबिका आणि भाची अनुया यांच्याबरोबर राहायची. शेजारपाजारचे हसले, अंबिका तर आठवडाभर कपाळाला हात लावून फिरत होती. गिटारीबरोबर एक चपटा डबा आला. मोठमोठ्या जुन्या अॅम्प्लिफायरांच्या आणि त्यांच्या स्पीकरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची, हे त्या डब्याचं काम. बकुळ कानाला हेडफोन लावून वाजवायची. तिच्या कानात स्वर्ग, आणि घरच्यांना ऐकू काय यायचं, तर नुसतं टिंग टिंग.

"मावशी, आप सच में कुछ बजा रही हो ना?" अनुया चिडवायची. ही पोर मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची हिंदीत. बकुळने तिला भरवताना, न्हाऊ घालताना मंगलाष्टकं ऐकवली, तरी तोंडातून मराठी निघेल तर शपथ.

त्याच अनुयाचं लग्न ठरलं. मुलगा चिरगाँवच्या हिंदी घरातला, नीरज, सज्जन आणि गालाला खळी पडणारा. ठरलं असं, की गोरज मुहूर्तावर आपल्या पद्धतीने मंगलाष्टकं, आणि मग रात्री त्यांच्या पद्धतीने फेरे. सगळे खूश! फक्त बकुळ सोडून. जगाच्या पोरींची मंगलाष्टकं म्हटली, आणि आपल्या पोरीच्या वेळी गप्प बसायचं? वामनगुरुजी होते, पण ऐंशीच्या पुढचे. त्यांचं 'सावधान' त्यांच्या मिशीपर्यंतही पोहोचायचं नाही.

"मी वाजवीन," तिने जाहीर केलं. "गिटारीवर."

अंबिकाने परत कपाळाला हात लावला. अनुया मात्र पलंगावर उड्या मारायला लागली. "हाँ मावशी! आप ही! और कोई नहीं!"

झालं! आता हेडफोनमधला स्वर्ग तीनशे माणसांना ऐकवायचा कसा? तिच्या ऑफिसातला आशुतोष सुटीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. तो म्हणाला, "बकुळजी, चिंता नको. डीजेचे डबे आहेत माझ्या मित्राकडे."

डबे कसले, कपाटंच ती! त्या मित्राच्या गोदामात बकुळने आपल्या चपट्या डब्याची वायर जोडली, तार छेडली, तर तिच्याच पोटात धम्म झालं. छत हाललं, बाहेरचं कुत्रं पळालं, आणि मंगलाष्टकाची चाल? ती कुठे गेली देव जाणे. त्या कपाटांना खालचा दणका आणि वरचा छणछणाट तेवढा ठाऊक. गिटारीचा जीव असतो मधल्या सुरांत, आणि नेमके तेच त्यांनी गिळलेले.

"मुलीचं लग्न आहे रे, भूकंप नाही!" बकुळ म्हणाली.

मग बरुआसागरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडे खराखुरा गिटारचा अॅम्प मिळाला, जुना, पोत्यासारखा जड. दोघांनी बसमधून आणला. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं, तेव्हा बकुळ हसून हसून खिडकीवर आदळली. घरी आणून लावला, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा! दोन दिवस तिचं डोकं भणभणलं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता ट्यूब पेटली. अहो, आपला डबा आधीच स्पीकरची नक्कल करतोय, आणि वर तो आवाज पुन्हा खऱ्या स्पीकरातून जातोय. साखर घातलेल्या चहात गूळ! तिने हात पदराला पुसून डब्यातली स्पीकरची नक्कल तेवढी बंद केली, आणि सूर असा मोकळा झाला की अंबिका लाटणं घेऊनच बाहेर आली. पण तो अॅम्प पडला एककल्ली. समोर बसणाऱ्याच्या कानात सुई, आणि बाजूला बसणाऱ्याला काहीच नाही. मांडवात सगळेच समोर कसे बसणार?

शेवटी सीपरी बाजारात एका दुकानात तिला हवा तो भेटला. साधा, काळा, उंच स्टँडवर बसणारा स्पीकर. अॅम्प्लिफायर त्याच्या पोटातच. स्वतःची अक्कल चालवत नाही, मिळेल तो सूर तसाच पुढे देतो, आणि देतो तो चहूकडे पसरून. आपला डबा त्याला जोडून, त्यातली स्पीकरची नक्कल परत चालू करून तिने चार सूर वाजवले. दुकानदाराचा हिशोब चुकला, रस्त्यावरचा रिक्षावाला थांबला, आणि बकुळला हेडफोनमधला तो स्वर्ग उघड्यावर ऐकू आला. तिला दुकानातच नाचावंसं वाटलं. नाचली नाही, पण आशुतोषचा गालगुच्चा घेतला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला!

लग्नाचा दिवस उजाडला. वऱ्हाड वेळेवर आलं, हेच आश्चर्य! अंतरपाट धरला गेला. अलीकडे नीरज, पलीकडे अनुया, हातांत हार. सगळ्यांच्या मुठीत अक्षता. बकुळ पैठणी नेसून, गळ्यात गिटार अडकवून उभी. तिने गणपतीचं नाव घेतलं आणि पहिला सूर सोडला.

काय सांगू! सूर मांडवाच्या पार टोकापर्यंत गेला, जिलेबीच्या कढईपर्यंत. स्वच्छ, गोल, जरा पाणावलेला. आठल्यांच्या म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

आणि चिरगाँवकर नाचायला लागले.

त्यांची काय चूक? मंगलाष्टक कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही, त्यात शब्द नाहीत, आणि वधूची मावशी इलेक्ट्रिक गिटार वाजवतेय. नीरजच्या काकांनी दोन्ही हात वर केले. "वाह दीदी! गजब! और जोर से!" बाराती माणसाला ताल लागत नाही हो, निमित्त लागतं. शिट्ट्या सुरू झाल्या. अक्षता वधूवरांवर पडायच्या त्या स्पीकरवर उधळल्या जाऊ लागल्या.

कडवं संपलं. बकुळ थांबली. आता सावधान हवं, त्यावर अक्षता हव्यात. पण म्हणणार कोण? गुरुजींचे ओठ हलले, तेवढंच. आणि बकुळच्या आत्ता कुठे ध्यानात आलं. एवढी खटपट केली, सूर कसा पोहोचेल ते पाहिलं, पण माणसं वाट पाहतात ती त्या एका शब्दाची, हे डोक्यातच आलं नव्हतं! तिने सगळा जीव गोळा करून हाक मारली, "सा—" आणि घसा तिथेच फाटला. शिट्ट्यांत ते कुणाला कळलंही नाही. आपल्या पोरीच्या लग्नाचं मातेरं केलं आपण, आपल्याच हाताने.

तेवढ्यात अंतरपाटामागून कुणीतरी ओरडलं.

"शुभमंगल सावधाऽऽन!"

नाच थांबला. गुरुजींच्या हातातून अंतरपाटाचं टोक सुटता सुटता राहिलं. अहो, नवरी! स्वतःच्या लग्नात स्वतःच! मुंडावळ्या नाकावर आलेल्या, गाल लाल, आणि डोळे बकुळकडे. "मावशी, थांबू नकोस ना! वाजव! मी म्हणते!"

मराठीत म्हणाली. सबंध मांडवासमोर.

अक्षतांचा पाऊस पडला, टाळ्यांचा पडला, काकांनी तर हातातलं सरबत उडवलं. बकुळ हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने दुसरं कडवं धरलं आणि अनुया गायला लागली. दोन शब्द इकडचे तिकडे, एक ओळ चक्क तिसऱ्या कडव्यातली. पण चाल? चाल थेट बकुळची, मधे घ्यायचा श्वाससुद्धा तिचाच.

बकुळने हात मागे नेला आणि स्पीकरचं बटण निम्म्यावर आणलं. मग आणखी थोडं खाली.

"अगं, बिघडलं की काय?" अंबिका घाबरून पुटपुटली. "ऐकूच येईना तुझं."

"बिघडलं नाही," बकुळ घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पोरगी गातेय. तिचं ऐकू दे."