ओळखीतलं अलाइनमेंट

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं किंवा दुरुस्त करायचं म्हटलं की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ओळखीचं कोण हाय तिथं?" फ्रिज ओळखीतून आला, सोफा ओळखीतून आला. माझी दाढसुद्धा ओळखीच्या डॉक्टरनं उपटली, आणि तीही दुखणारी सोडून शेजारची. मी गाल धरून घरी आले तर हे म्हणाले, "जाऊ दे, माणूस चांगला हाय."

माझं माहेर शहरातच, औरंगपुऱ्यातलं. तिथं गल्लीत सगळेच ओळखीचे, म्हणून सगळ्यांशी हक्कानं भांडता येतं. हे पाचोडकडच्या शेतकरी घरातले. त्यांच्याकडं ओळख म्हणजे तोंडाला कुलूप. भीड ही भिकेची बहीण, असं मी लग्नापासून सांगत आले. हे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा ओळखीच्याकडंच जातात.

गाडीचंही तेच. ह्यांचा शाळेपासूनचा एक मित्र आहे, त्याचं जालना रोडच्या आतल्या बाजूला टायरचं आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत बसवून द्यायचं दुकान. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिले, एका डब्यात जेवले. त्यामुळं आमच्या गाडीच्या चाकाला दुसऱ्या कुणी हात लावणं म्हणजे जवळजवळ पापच. आम्ही गाडीतून उतरायच्या आत तो हाक मारायचा, "वहिनी, आधी चहा!" चहाच्या पहिल्या घोटाबरोबर तक्रारही घशाखाली जायची. अशा किती तक्रारी मी गोड करून गिळल्या त्याला गणती नाही.

यंदा लेकीला नोकरी लागली. ती जनावरांची डॉक्टर. नेमणूक मिळाली ती नेमकी पाचोडजवळच्या एका गावात. गोठ्यागोठ्यांतून फिरायचं काम, एसटी कुठं कुठं पुरणार, म्हणून घरची गाडी तिला द्यायचं ठरलं. सोमवारी ती हजर होणार होती. त्याआधी सवय व्हावी म्हणून तिनं गावाबाहेर एक चक्कर मारली आणि आल्या आल्या चावी टेबलावर टाकली.

"आई, गाडी डावीकडं ओढतीय. स्टेअरिंग धरून धरून हात भरून आले."

"रस्त्याला उतार असतो," हे पेपराआडून म्हणाले.

"सगळ्याच रस्त्यांना, बाबा?"

"मग हवा कमी असंल."

हवा भरली. गाडीनं डावी बाजू सोडली नाही. मग हे एकटेच मित्राकडं जाऊन अलाइनमेंट करून आले. "टायरं अजून वर्षभर हालत नाहीत म्हणाला," असं प्रसन्न चेहऱ्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लेकीनं गाडी काढली. ती पुन्हा डावीकडंच निघाली.

मला राग यायला मुहूर्त लागत नाही. मी लेकीला स्टेअरिंग पार एका अंगाला वळवायला लावलं, मोबाइलचा उजेड केला आणि अंगणात सरळ मांडी घालून बसले. बाहेरून बघितलं तर टायर छान, खाचा जागच्या जागी. आतल्या कडेनं मात्र ते पार टकलं झालेलं. हात फिरवला तर रबराच्या आतली तार बोटाला टोचली. टायर आतून खाल्लं जात होतं आणि बाहेरून ठणठणीत दिसत होतं.

लेकीनंही हात लावून बघितला.  मला पाचोडच्या वाटेवरचा तो हायवे दिसला, शेजारून सुसाट जाणारे कंटेनर दिसले. मी ह्यांना बाहेर बोलावलं आणि त्यांचं बोट धरून तारेवर टेकवलं.

ह्यांनी उकिडवं बसून दुसरंही चाक चाचपलं. मग म्हणाले, "त्याला परत बघायला सांगतो."

"आता दुसरीकडं न्यायची."

"त्याला काय वाटंल?"

"ह्या टायरला काय वाटतंय ते आधी बघा!" मी इतक्या जोरात बोलले की शेजारच्या बाई गच्चीवर आल्या.

शेवटी हे तयार झाले, पण अट घालून. पडेगावला एक मोठं दुकान आहे, ओळखीपाळखीचं कुणी नाही, तिथं जायचं. मात्र मित्राच्या दुकानावरून जायचं नाही. शनिवारी सकाळी मी गाडी चालवायला बसले आणि हे शेजारी बसून मला गल्लीबोळांतून वळवत राहिले. "इथून घे. इथून नको, त्याचा मेव्हणा राहतो." डोळ्यांवर काळा चष्मा, मान खाली. आमच्या लग्नातसुद्धा मी ह्यांना एवढं सावध पाहिलं नव्हतं. छावणीचा भाग मागं पडला तेव्हा कुठं चष्मा निघाला. मी मात्र मनातल्या मनात एक भाषण तयार करत होते. आज ना उद्या ते मित्राला ऐकवायचंच, असं ठरवून टाकलं होतं.

तो मुहूर्त लगेचच आला. दुकानाच्या आवारात गाडी घातली तर रॅम्पवर एक पांढरी जीप चढवलेली, आणि तिच्याशेजारी हातात चहाचा कप घेऊन मित्र उभा. आमचाच मित्र.

त्यानं आम्हाला पाहिलं, आम्ही त्याला. परत फिरायची सोय कुणालाच नव्हती.

"वहिनी... तुम्ही इकडं?"

"आम्ही गिऱ्हाईक," मी म्हटलं. "तुमचं तर स्वतःचं दुकान आहे. तुम्ही इकडं कसे?"

त्यानं मान खाजवली. "आमचं मशीन बिघडलंय. लई दिस झालं. पार्टच मिळंना."

"मग परवा आमच्या गाडीचं अलाइनमेंट कशावर केलंत?"

"अंदाजानं," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "हाताला सवय हाय ना इतक्या वर्षांची. दोस्ता, तू आलास की दुसरीकडं जा म्हणायला जीभच रेटत नव्हती बघ. म्हटलं, तुला काय वाटंल."

म्हणजे एकजण मित्राला वाईट वाटू नये म्हणून चाकं अंदाजानं फिरवत होता, आणि दुसरा मित्राला वाईट वाटू नये म्हणून काळा चष्मा लावून गल्लीबोळांतून आला होता! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. तयार केलेलं भाषण ओठांवर आलं, पण तेवढ्यात हे पुढं झाले.

ओरडले नाहीत. मित्राचा हात धरला, त्याला आमच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसवलं आणि त्याची बोटं टायरच्या आतल्या कडेला लावली.

"लागली का तार?"

मित्रानं बोट झटकन मागं घेतलं.

"सोमवारी माझी लेक बसणार हाय ह्या गाडीत. एकटी. हायवेला. 'नाय जमत' एवढं म्हणायला काय झालं होतं रे तुला? मी तुझ्याकडं डोळं झाकून येतो. डोळं झाकून!" शेवटच्या शब्दाला ह्यांचा आवाज फाटला.

लग्नाला एवढी वर्षं झाली, संसार झाला, लेक डॉक्टर झाली. पण ह्यांच्या प्रेमात मी पडले ती त्या शनिवारी, पडेगावात, टायरच्या दुकानात.

मित्रानं एकही सबब सांगितली नाही. "चुकलं," म्हणाला. उठला आणि दुकानातल्या माणसांना म्हणाला, "माझी जीप खाली घ्या. आधी ही गाडी चढवा."

पुढची दोन्ही टायरं फेकायच्या लायकीची होती आणि मागची त्याच वाटेवर. चारही नवी टाकली. स्टेअरिंगकडून चाकाकडं जाणारा एक दांडा ढिला झाला होता, तोही बदलला. मग चारी चाकांना यंत्राच्या तबकड्या लावल्या आणि पडद्यावर आकडे उमटले, सगळे लाल. खाली पाना फिरत गेला तसा एकेक आकडा हिरवा होत गेला. दोघं मित्र पडद्यासमोर शेजारी शेजारी उभे होते. शेवटचा आकडा हिरवा झाल्यावरच हे तिथून हलले.

दौलताबादच्या रस्त्यावर ह्यांनी स्वतः गाडी काढली. मी शेजारी बसले. मोकळा पट्टा आला तसे हात सैल सोडले. गाडी इकडं नाही की तिकडं नाही, नाकासमोर चालत राहिली. "आता कसं!" मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली आणि गाडी परत फिरवली.

मित्र तिथंच थांबला होता. जीप अजून खालीच होती.

"पोरगी कवा निघणार?" त्यानं विचारलं.

"सोमवारी सकाळी."

"मी येतो की. पहिला दिवस हाय, रस्ता वंगाळ. माझी जीप पुढं, तिची गाडी मागं. पार दवाखान्यापर्यंत पोचवून येतो."

एवढ्या अजीजीनं बोलत होता की मलाच वाटलं, आता हे "ये की" म्हणणार. त्या माणसाला ह्यांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं. ह्यांनी पुढं होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको," हे म्हणाले. "ती एकटी जाईल."