चाळीस किलोमीटरची गाडी: जळगाव ते धुळे, तीन दिवसांत

दिवाळीची सुट्टी लागली आणि मी स्वतःच लिहिलेला एक आकडा तपासायला निघाले.

मधू माझा धाकटा भाऊ. लहानपणी पोलिओने त्याचा उजवा पाय गेला. घर धुळ्यात, पण तो शिकवतो ती शाळा चौदा किलोमीटरवरच्या गावात. एसटीची पायरी त्याला चढवत नाही, म्हणून सोमवार ते शनिवार तो तिथे खोली घेऊन राहतो. बायको आणि चार वर्षांची मुलगी धुळ्यात.

मी जळगावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. ऑटो इलेक्ट्रिशियन रफिकभाईंच्या मदतीने मी एका जुन्या मोपेडचं इंजिन काढून तिथे विजेची मोटर बसवली. पायाशी कारच्या दोन बॅटऱ्या, मागे तोल सांभाळणारी दोन छोटी चाकं. दहा किलोमीटर फिरवून आणली, थांबवून व्होल्टमीटर लावला. बॅटरी पाव हिस्सा उतरलेली दिसली. मी चारने गुणलं आणि मधूला लिहिलं, ‘चाळीस किलोमीटर जाते.’ जाऊन-येऊन त्याला अठ्ठावीस लागणार. उलट टपाली त्याचं उत्तर आलं की मग खोली सोडतो.

तेव्हापासून मला बरं वाटेना. गाडी ट्रकमध्ये टाकून पाठवता आली असती, पण ती शेवटपर्यंत चालवून पाहिली नाही ही गोष्ट मला माहीत होती आणि त्याला नव्हती.

पहिला दिवस, जळगाव ते एरंडोल, तीस किलोमीटर. मधू माझ्यापेक्षा जड, म्हणून मागे पंधरा किलो ज्वारीचं पोतं बांधलं. सकाळी सातला निघाले. बांभोरीचा पूल, गिरणेवरचं धुकं, कापसाने फुगलेले ट्रक. वेग चोवीस. ही गाडी आवाज करत नाही, त्यामुळे कुत्र्यांना आणि सायकलवाल्यांना कळत नाही; घंटी सतत वाजवावी लागते. पाळधीला चहा घेतला आणि मीटर लावला, काटा जवळजवळ भरल्या बॅटरीइतका. मी खूश झाले. आता त्याची लाज वाटते.

पंचविसाव्या किलोमीटरनंतर एका साध्या चढावर वेग वीस, पंधरा, दहा असा उतरला. दुधाचे कॅन लावलेला सायकलवाला मला मागे टाकून गेला. गाडी थांबली. दहा मिनिटं बसले, मीटर लावला, काटा पुन्हा वर. निघाले, तर शंभर पावलांत पुन्हा तेच. असं तीनदा झालं. गाडी ढकलून मांड्या भरून आल्या होत्या आणि माझा मीटर खोटं बोलतोय की मी, हे कळेना.

मागून कापसाची बैलगाडी आली. हाकणारे आबा सत्तरीचे असतील. त्यांनी आधी मला, मग मीटरला पाहिलं.

“ताई, तुन्ही गाडी थकी गयी का?”

मी काटा दाखवला. म्हटलं, आबा, हा बघा, बॅटरी भरलेली दाखवतोय.

“उभा बैल तगडाच दिखस,” ते म्हणाले. “जुपीसन चढवर देखनं पडस.”

बावीस वर्षं मी मुलांना वीज शिकवते. बॅटरीला काम दिलं की तिचा दाब खाली बसतो, विसावा दिला की वर येतो, हे फळ्यावर मी किती वेळा लिहिलंय. तरी मोजलं ते प्रत्येक वेळी गाडी थांबवून, जुंपून चढावर नाही. आबांनी दोरीने माझी गाडी बैलगाडीमागे बांधली आणि एरंडोलच्या वेशीपर्यंत आणून सोडलं. वाटेत ते बैलांना म्हणत होते की बाईंच्या गाडीला नजर लावू नका, तिला तुमच्याइतकं खायला मिळत नाही.

सहकारी शिक्षिकेच्या माहेरी मुक्काम. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. पद्मालयाचा गणपती तिथून जवळच, पण बॅटरीत दर्शन बसत नव्हतं आणि माझ्यातही.

दुसऱ्या दिवशी व्होल्टमीटर हँडललाच बांधला. एरंडोल ते पारोळा रस्ता छोटा, तरी वीज अधूनमधून गेल्याने बॅटरी अर्धवटच भरली होती. चालत्या गाडीवर वाचलं तेव्हा उलगडलं: काटा बराच वेळ साडेचोवीस ते चोवीस व्होल्टच्या मध्ये रेंगाळतो, तोवर गाडी एकसारखी ओढते. तेविसाच्या खाली गेला की उतार नाही, कडाच. चढ आला की तो विसावर कोसळतो, मग वेगही जातो आणि जोरही. पारोळ्याचा किल्ला बाहेरूनच पाहिला.

तिसरा दिवस, धुळे, पस्तीस किलोमीटर. खात्रीचे पंचवीस मिळाले. पुढचे चार रांगत. उरलेलं अंतर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ज्वारीच्या पोत्यासकट. अशी गाडी घेऊन कोणी या रस्त्याने येणार असेल तर पंचविसाच्या आत मुक्काम ठरवा, आणि दोर बरोबर ठेवा.

मधू दारातच खुर्ची टाकून बसला होता.

“पंचवीस,” मी पिशवीही खाली न ठेवता म्हटलं. “चाळीस चूक होतं.”

“अक्का, पाणी तरी पी.”

दुसऱ्या सकाळी मी सुचवलं की गाडी मी चालवते, मधूने भाड्याच्या जीपने मागे यावं. नाही म्हणाला. त्यालाच चालवायची होती, तर जीपमध्ये मी. शाळेपर्यंत छान गेली, येताना शेवटचे तीन किलोमीटर नऊच्या वेगाने. एक म्हातारा सायकलवरून त्याला गाठून म्हणाला, “मास्तर, घाई शे का? मी निरोप दी देस.” मधू हसत होता. अठ्ठावीस पूर्ण झाले.

तरी मला सांगावं लागलं. या बॅटऱ्या नव्या आहेत. वर्षाने हेच अठ्ठावीस वीस होतील. शाळेत दुपारी चार्ज कर, पण गावात वीज असेलच असं नाही. खोली सोडायला नको होतीस.

त्याने शर्टाच्या खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे ठेवली.

“सोडलीच नाही.”

“लिहिलं होतंस की.”

“लिहिलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू प्रत्येक आकड्याआधी ‘सुमारे’ लिहितेस. या वेळी नुसतं चाळीस. म्हटलं, अक्काला हे फार व्हावंसं वाटतंय.”

त्याची मुलगी गाडीची घंटी वाजवत होती.

एसटीने तीन तासांत जळगाव. बैलगाडीमागून आले होते तो चढ खिडकीतून शोधला. बसमधून तो चढ वाटतच नव्हता. मधू आता शाळेच्या सहापैकी चार दिवस घरी असतो, वीज नसेल त्या दिवशी खोलीवर. मला सहा दिवस हवे होते. चार हे खरे आहेत.

घरी आल्यावर डायरीतलं ते दहा किलोमीटरचं पान काढलं. फाडलं नाही. चाळीस खोडून खाली लिहिलं: ‘उभ्याने मोजले होते.’