उलट्या वहाणांचं सोंग

ती घटना माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. निजामाचे राज्य संपायला काही वर्षे होती. सेलू भागात मी अमीन, म्हणजे आजचा फौजदार, होतो.

एका गावच्या बारवेत शेतकऱ्याचे प्रेत मिळाले. वहाणा वरच्या पायरीवर होत्या. वहाणा घालून बारवेत कोणी उतरत नाही, त्या काढल्यात म्हणजे माणूस आपल्या पायाने उतरला, असे धरून मी आत्महत्येचा पंचनामा केला. बायकोच्या जाचाने जीव दिला, असे गाव म्हणू लागले. तिला पाणवठ्यावर कोणी उभे राहू देईना.

वर्षभराने जमादार सांगत आला, "साहेब, महादेवाच्या जत्रंत एक सालगडी बारवेचं सोंग नाचायलाय. मला त्याचा लय संशय यायलाय."

मी साध्या कपड्यात गेलो. भर दुपारी, हलगीवर, तो एकटाच नाचत होता. पाठीवर ओझे असल्यासारखा वाकला, ओझे उतरवले, मग वहाणांचा जोड मांडला. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. मी चमकलो. तशी नोंद माझ्या पंचनाम्यात होती आणि तो कागद ठाण्याच्या कपाटात कुलपात होता. दोन्ही पंचांना आडून विचारले. वहाणा आठवत होत्या, उलट्या होत्या हे दोघांनाही आठवेना. मग खुनी हाच, असे मी धरून चाललो.

ठाण्यात आणून त्याला हात लावला नाही. माझे बूट काढून त्याच्या हातात दिले. "ठेव." त्याने न बघता ठेवले, उलटेच. मग त्याचे त्यांच्याकडे लक्ष गेले.

"मारला मालकानं, बांधाच्या भांडणात," तो म्हणाला. "म्या वाहून नेला. वहाणा काढून वर ठिव म्हणले, ठिवल्या."

"मग नाचतोस कशाला?"

"बोलायची छाती न्हाई, साहेब. अन् त्या बाईचं हाल बघवंना."

जबाब वर पाठवला. मालकाची वर ऊठबस होती. 'पुरावा अपुरा' असा शेरा घेऊन कागद परत आला. मालक सुटला, सालगडीही सुटला. गावाला मात्र कळायचे ते कळले आणि बाई पुन्हा पाणवठ्यावर दिसू लागली.

नोकरीत मी पुष्कळांवर संशय घेतला. स्वतःच्या कागदावर कधी घेतला नाही. उलट्या वहाणा मी पाहिल्या, लिहिल्या, पण स्वतःच्या पायातून काढलेल्या वहाणा अशा उलट्या कशा, हे कोणाला विचारले नाही. याची लाज आजही वाटते.

पुढच्या जत्रेत बंदोबस्ताला मीच होतो. सोंगात त्याने एक माणूस वाढवला होता. तो वहाणांपाशी थांबतो, वाकून बघतो, काहीतरी लिहितो आणि निघून जातो. ती बाई पुढेच बसली होती. ती सोंगाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.