वहिनीच्या बांगड्या

मंगळवार. पहाटे माझा धाकटा भाऊ गेला. दुपारी पंचगंगेवर दहन झालं.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला सत्तर-ऐंशीच्या दशकापासून ओळखतात. विधवांच्या बांगड्या फोडू नका, यल्लम्माला सोडलेल्या, साडी नेसणाऱ्या जोगत्यांना घराबाहेर काढू नका, हे सांगत मी कोडोलीपासून उचगावपर्यंत लोकांच्या दारात उभी राहिले. शिव्याही खाल्ल्या.

आज तिरडी उचलण्याआधी भावकीतली एक म्हातारी वहिनीला म्हणाली, "हात पुढं कर गं."

वहिनीनं हात पदरात घेतले आणि माझ्याकडं बघितलं. "वन्सं, तुमी सांगा की ह्यास्नी."

मी बोलणार, तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "आत्या, आज तरी तुझं भाषण नको. पप्पांस्नी नीट जाऊ दे."

मी मागं सरले. भावाच्या तिरडीपुढं वाद नको वाटला. परक्यांच्या दारातही तिरडीच असायची. तिथं मला कधी असं वाटलं नव्हतं.

शेवटी वहिनीनं आपणहून हात पुढं केला.

तुम्हाला स्वतःच्या घरात बोलता आलं का? खरं सांगा.

वहिनी दार लावून बसली आहे. शेजारणीनं दिलेल्या पिठलं-भाकरीचं ताट झाकून तिच्या दाराशी ठेवलं आणि मी भांडी घासायला बसले.