हाराआधीचा फोटो

फोटो हातात दिला की ते आधी तो उलटा करायचे. कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवायचे, दाराच्या उजेडाकडे तिरका धरायचे, आणि मग अगदी नाइलाज झाल्यासारखं पुढची बाजू बघायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, “काका, चेहरा पुढच्या बाजूला आहे.”

“पुढून सगळेच बरे दिसतात,” ते म्हणाले.

नारायण पेठेतल्या एका फोटो लॅबमध्ये मी काउंटरवर होते. मी भंडाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन पुण्यात आले. नवरा भोसरीला कंपनीत, तोही कंत्राटावर. लॅबच्या मालकांनी शिक्षण विचारलं तेव्हा मी भीत भीत ‘आठवी’ म्हटलं. ते म्हणाले, “फोटोला मार्कशीट लागत नाही. हात स्वच्छ लागतात.” त्या वाक्याचे उपकार मी अजून मानते. पण भीती काही गेली नव्हती. कोणी नवीन माणूस दुकानात शिरला आणि इकडेतिकडे बघायला लागला, की मला वाटायचं, मालकांनी माझी परीक्षा घ्यायला पाठवला असणार.

तेव्हा रोल संपत आले होते. घरोघर डिजिटल कॅमेरे आले, मग मोबाइलमध्येच कॅमेरे आले. लोक हजारो फोटो काढायचे आणि एकही छापायचे नाहीत. आमच्याकडे यायची ती परदेशी जाणारी कॉम्प्युटरवाली मुलं, व्हिसाच्या फोटोसाठी. आणि दुसरे, ज्यांच्या घरी कोणी गेलं आहे असे. तुम्हीही बघितलं असेल, जिवंत माणसाचा फोटो हल्ली कोणी छापत नाही. माणूस गेला की घरात धावपळ सुरू होते, कागदावर काहीच नाही म्हणून.

मालकांनी मला शिकवून ठेवलं होतं. एकट्या माणसाचा फोटो, साइज बारा-पंधरा, म्हणजे हाराचा फोटो. आवाज खाली आणायचा. हसायचं नाही. मागचं सगळं पुसून फिकट निळं करायचं. “कधी झालं?” एवढंच विचारायचं. चंदनाचे हार काचेच्या कपाटात होते, पण ते आपण दाखवायचे नाहीत, गिऱ्हाइकाने विचारले तरच.

काका पहिल्यांदा आले ते तपकिरीची डबी घेऊन. डबीत तपकीर नव्हती, पेनड्राइव्ह होता. त्यात एकच फोटो. मिशीवाला, काळ्या केसांचा, कोट घातलेला माणूस. समोर उभे असलेले काका पांढरे, मिशी नाही, गालफडं बसलेली. मला वाटलं, धाकटा भाऊ असेल.

“बारा बाय पंधरा,” ते म्हणाले.

मी आवाज खाली आणला. “कधी झालं, काका?”

“काय कधी झालं?”

“म्हणजे... हे गेले कधी?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “कुठे जायचंय त्यांनी? मी इथेच उभा आहे तुमच्यापुढे.”

आतून मालक आले, माफी मागितली. काका शांतपणे म्हणाले, “त्यांचं चुकलं नाही. फोटो त्याचसाठी आहे. फक्त मागे ते निळं आकाश नको. मी अजून कुठे उडत नाहीये.”

प्रिंट झाल्यावर त्यांचं पुढचं सुरू झालं. “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझा फोटो राहिला का?”

“राहिला ना, काका. पुन्हा लागला तर...”

“पुसा. माझ्यादेखत पुसा.”

मी पुसला.

“आता त्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढा. मुलगा हिंजवडीला त्याच कामात आहे. मला माहीत आहे डब्यात राहतं ते.”

मी डबाही रिकामा केला. त्यांनी विचारलं, मी कुठली. भंडाऱ्याची म्हटलं. “म्हणजे नागपूर,” ते म्हणाले. नाही, भंडारा वेगळा जिल्हा आहे म्हटलं. “तेच ते,” म्हणाले, आणि तेव्हापासून मी नागपूर झाले. पण अहो-जाहो कधी सोडलं नाही. “अहो नागपूर, आहात का?” असं दारातूनच विचारायचे.

तो फोटो त्यांना पसंत पडला नाही. तीन आठवड्यांनी परत आले. “हा मी नाही. हा कोणीतरी नोकरीला लागलेला माणूस आहे. हा बघून कोणाला वाईट वाटणार?” मग मालकांनी स्टुडिओत नवीन काढला. त्यात नाक त्यांचं नव्हतं. मग आणखी एक. त्यात मशीनने त्यांना गोरं केलं होतं. “मी सांगितलं होतं का गोरं करायला?” मालक वैतागून म्हणाले, “काका, दुसरीकडे करून बघा.” तर उत्तर तयार होतं, “केलं. ते तुमच्याहून वाईट आहेत.” मालक आत जाऊन हसत बसले. म्हणाले, पुण्यात याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

मला मात्र हसू येईना. जिवंत माणूस स्वतःच्या हाराच्या फोटोमागे एवढा का लागतो? माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. काही आजार लपवतात का? काही बरंवाईट करून घ्यायचं मनात आहे का? घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू कामाशी काम ठेव. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला कारण विचारायचं नाही. पण काका आले की मी त्यांच्या हाताकडे बघायची, थरथरतो का. डोळ्यांकडे बघायची, पिवळे दिसतात का. ते माझ्यावर संशय घ्यायचे आणि मी त्यांच्यावर.

एकदा दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलंच. “काका, राग मानू नका. तब्येत बरी आहे ना?”

“का? मेलेला दिसतो?”

“तसं नाही बाप्पा. पण हा फोटो आत्ता कशाला?”

ते काउंटरच्या काचेवरचे बोटांचे ठसे पुसत राहिले. मग म्हणाले, “आमच्या मंडळी गेल्या तेव्हा घरात त्यांचा एक फोटो नव्हता. म्हणजे मुलाने काढले होते पुष्कळ. सगळे कॉम्प्युटरमध्ये. आणि कॉम्प्युटर बसला. शेवटी पुतण्याच्या लग्नातला घोळक्याचा फोटो मिळाला, पुतण्याकडच्यांनी छापून पाठवला होता म्हणून. त्यातून यांना कापून काढलं. कापलं त्याने नीट कापलं नाही. खांद्यावर कोणाचा तरी हात राहिलाय. चार बोटं आणि हिरव्या बांगड्या.”

मी नकळत हातातल्या बांगड्या मागे सारल्या.

“रोज हार बदलताना ती चार बोटं दिसतात. माझ्या दोन्ही बहिणींना विचारलं. दोघी म्हणतात, आमची नव्हेत. दोघीही खोटं बोलत असतील. पण बोटं कोणाचीतरी आहेतच ना?”

मग एकदम माझ्याकडे वळले. “तुमच्या आईचा फोटो आहे का?”

“आहे ना. मोबाइलमध्ये.”

“म्हणजे नाही.”

त्या दिवशी ते दुकानातून हलेनात. माझ्या मोबाइलमधला आईचा फोटो माझ्याच हाताने मशीनवर घ्यायला लावला. प्रिंट निघाली तशी आधी पाठ बघितली, मग पुढची बाजू. “चांगल्या आहेत. तुमच्यासारखा घाबरट चेहरा नाही.” तो फोटो मी फ्रेम करून भावाच्या हाती गावी पाठवला. आठवडाभरात आईचा फोन. “मी तं जित्ती आहो ना अजून! भितीवर कायले टांगून राहिले मले?” हे काकांना सांगितलं तर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. वरचे दोन दात नव्हते. म्हणून कुठल्याच फोटोत ते हसत नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

त्यांचा फोटो शेवटी मीच काढला. ठरवून नव्हे. दुकानाच्या नवीन कॅमेऱ्यावर मी हात बसवत होते. काका दाराशी एक प्रिंट उलटी करून उजेडात बघत होते, मान कलती, चष्मा नाकावर आलेला, एक भुवई वर. मी बटण दाबलं. आवाजाने त्यांनी चमकून वर बघितलं आणि मी पुन्हा दाबलं. त्या दुसऱ्या फोटोत ते सरळ तुमच्याकडे बघतात, आणि तुम्ही काय लपवलंय ते विचारतात.

भीत भीत मी तोच छापून दिला. पाठ बघून झाली. पुढची बाजू त्यांनी बराच वेळ बघितली.

“असा दिसतो मी?”

“हो, काका.”

“नेहमी?”

“नेहमीच.”

“मग ठीक आहे. हाच.” खिशातलं पेन काढून त्यांनी पाठीवर लिहिलं, ‘हा मीच’, आणि खाली सही केली. कोणी बदलू नये म्हणून. मग नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर, कॅमेरा, कचऱ्याचा डबा, सगळं माझ्याकडून पुसून घेतलं.

पण फोटो घरी नेला नाही. त्यांची सोसायटी पाडून नवीन बांधणार होते. मुलगा त्यांना वाकडला घेऊन जाणार होता. “सामान हलवताना पहिले फोटो जातात,” ते म्हणाले. “तुमच्याकडे ठेवा.”

मला भरून आलं. “माझ्यावर एवढा विश्वास...”

“विश्वास नाही. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून ठेवतोय.”

बटर पेपरमध्ये गुंडाळून मी तो मोठ्या कागदाच्या रिकाम्या खोक्यात, खालच्या खणात ठेवला. वाकडहून ते दोन-तीनदा आले. बस बदलून यायचे, फोटो आहे का ते बघायचे, आणि जायचे. मग येणं थांबलं.

इकडे लॅबचंही काही खरं नव्हतं. अर्ध्या काउंटरवर मोबाइलची कव्हरं आली. मोठं मशीन विकायचं बोलणं चालू होतं, आणि मशीन गेलं की मीही जाणार, हे मला न सांगताच कळत होतं. मालक खण रिकामे करायला लागले तेव्हा मी ते खोकं माझ्या डब्याच्या पिशवीशेजारी ठेवलं. काकांचा पत्ता माझ्याकडे नव्हता. विचारला असता तरी त्यांनी दिला नसता. कोणी एकट्या माणसाचा फोटो घेऊन आलं की मी आवाज खाली आणायच्या आधी फोटो बघून घ्यायची. काका नसले की सुटल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी दुपारी पस्तिशीचा एक माणूस आला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मोबाइल पुढे केला. “बारा बाय पंधरा करायचाय. ती टोपी काढता येईल ना?”

वाढदिवसाचा फोटो होता. पुढे केक, डोक्यावर चकचकीत कागदाची टोपी, एक कान फोटोच्या बाहेर. डोळे मिटलेले. काकाच होते.

माझा आवाज खाली आणावा लागला नाही, आपोआपच गेला. “कधी झालं?”

“बारा दिवस झाले. उद्या तेरावा. आईच्या शेजारी लावायचाय. त्यांच्या डबीत तुमच्या दुकानाची पावती होती, म्हणून इथे आलो.”

मी खोकं काढलं. बटर पेपर सोडून फोटो त्याच्यापुढे ठेवला. तो बघतच राहिला. मग नजर वर करून माझ्याकडे बघितलं, एक भुवई वर करून.

“हा तुमच्याकडे कसा?”

“त्यांनी ठेवला होता.”

“तुमच्याकडे? का?”

“मला त्याचा उपयोग नाही म्हणून.”

त्याला ते पटलं नाही. त्याने एका हाताने फोटो उचलला, उलटा केला, पाठीवरून अंगठा फिरवला. अक्षरांवर अंगठा थांबला.

“याची सॉफ्ट कॉपी पाठवता का?” शेवटी म्हणाला. “नातेवाइकांना टाकतो.”

“नाही हो. त्यांनी पुसायला लावली. त्यांच्यादेखत.”

“बॅकअप?”

“डब्यातूनसुद्धा.”

“म्हणजे हा एकच आहे?”

“एकच.”

त्याने दुसऱ्या हातातला मोबाइल खिशात टाकला, आणि फोटो दोन्ही हातांनी धरला.