कमळ, चमचा, खिडकी

दारात पाऊल टाकलं की खाला आधी माझ्या हातातलं पेन काढून घ्यायची, त्याला टोपण लावायची आणि पाण्याचा ग्लास पुढे करायची. "लिहिणं कुठं पळतंय रे? पाणी पी."

जोगेश्वरीच्या त्या मुस्लिम वस्तीत म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायचं काम माझ्याकडे होतं. एका संशोधनासाठी. पहिल्या दिवशी मी ऐन रोज्यात, भरदुपारी बिस्किटांचे पुडे वाटत निघालो, यावरून माझी तयारी तुम्हीच ओळखा. दारं धडाधड बंद झाली. वाचवलं ते खालाने, सगळ्या वस्तीच्या मावशीने. मूळची रत्नागिरीची, मराठी माझ्याहून ठसठशीत. "पोरगं येडं आहे, वाईट नाही," असं सांगत तिने मला घरोघर फिरवलं.

तपासणी सोपी. तीन शब्द सांगायचे, जरा गप्पा मारायच्या, मग तेच शब्द विचारायचे. कमळ, चमचा, खिडकी. अख्ख्या गल्लीला पैकीच्या पैकी गुण, खालालाही. मी कॉलर ताठ करून ऑफिसात गेलो. मॅडम म्हणाल्या, "म्हाताऱ्यांकडे गेला होतात की क्लासमध्ये?"

दुसऱ्या दिवशी एका चाचांनी मी तोंड उघडायच्या आतच तिन्ही शब्द म्हणून दाखवले. वर विचारलं, "बरोबर ना?"

मी तडक खालाकडे. "तुम्ही शिकवलंत?"

"शिकवलं. 'याला आठवत नाही' असं कागदावर आलं, आणि उद्या कुणी विचारलं, तू इथलाच कशावरून, तर त्याचं कोण ऐकणार?"

"हे कुणाला दाखवत नाहीत हो."

"तू नाही दाखवणार. तुझ्यामागून येईल तो?"

एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, बहुधा चुकीचं. त्या दिवशी मी उलट प्रश्नच केला. "पण खाला, ज्याला खरंच आठवत नाही, त्याला औषध कसं मिळणार?"

ती माझ्या भरलेल्या ग्लासात पुन्हा पाणी ओतत राहिली, माझी पँट भिजेपर्यंत. मी हसलो. वाटलं, चोरी पकडली म्हणून गडबडली.

वर्षभराने पुन्हा तपासणीला गेलो. खालाचं दार तिच्या सुनेने उघडलं. "मलाच ओळखत नाहीत आता. डॉक्टर म्हणाले, आधी का नाही आणलंत?"

खाला खाटेवर होती. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र दिसताच ताठ बसली. "कमळ, चमचा, खिडकी," एका दमात. मग हळूच, "पास?"

"पास, खाला."

माझ्या हातात पेन उघडंच होतं. मी ते तिच्यापुढे धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. तिने घेतलं नाही.