लोहारकाकूचा नारळ

लोहारकाकूला कुणी अनोळखी माणूस भेटलं, की नाव-गाव विचारायच्या आधी ती विचारायची, "नारळी पुनवेला तुमच्यात भट्टी बंद असते का ओ?" लग्नात, एसटीत, माणगावच्या बाजारात विळे विकताना, कुठेही. समोरचा बावचळायचा. काकूला त्याचं काही नसे. "नसंल तर नसंल," म्हणून ती विळ्यांकडे वळायची.

प्रश्नाला कारण होतं. आमचं गाव माणगावपासून आत, शेतीचं. समुद्र नाही, आहे तो एक ओढा. तरी शेजारचं हे लोहाराचं घर नारळी पौर्णिमेला भट्टी विझवायचं आणि ऐरणीला नारळ लावून तो ओढ्यात सोडायचं. का, ते लोहारकाकांनाही माहीत नव्हतं. सगळा गाव थट्टा करायचा, त्यात मीही. "काकू, नारळ पोचला का मुंबईला?" ती शांतपणे म्हणायची, "पोचंल तिथं पोचंल." हे घर मुळात दर्याकाठचं असणार, हे तिनं त्या नारळावरून ताडलं होतं.

ती नवी नवरी असताना सासरा गेला. खांदा द्यायला गाव आला, पण सुतक धरायला त्या घराबाहेर एक माणूस नव्हतं. भावकीच ठाऊक नव्हती. ते तिच्या मनाला फार लागलं. "झाडालाबी मूळ आसतं दत्ता," ती मला म्हणायची, "आमी काय आभाळातून पडलो?" ज्या घरात ती जन्मली नव्हती, त्या घराचं मूळ ती आयुष्यभर शोधत राहिली.

किनाऱ्यावर मोठं वादळ झालं, त्यानंतर मी टेम्पोतून दिवेआगरला छपरांचे पत्रे पोचवत होतो. एकदा काकूही केबिनमध्ये येऊन बसली. तिथे सुपारीच्या पडलेल्या झाडांमधून एक म्हातारा वाट मोकळी करत होता. पांडूआबा लोहार. काकूनं आपला प्रश्न विचारला. तो कोयता खाली ठेवून म्हणाला, "व्हय. ऐरणीला नारळ लावून दर्यात सोडतात. तुला कुनी सांगितलं?"

काकूनं आनंदानं सगळं सांगितलं. काकांच्या आज्याला बापानं ऐरण देऊन वेगळं काढलं, तो माणगावकडे आला, असं घरात सांगत आले होते. ऐकता ऐकता आबाचा चेहरा बदलला. "दिली न्हाय. माझ्या आज्याचा तो धाकला भाव. न सांगता ऐरण घेऊन गेला. त्या साली आमची भट्टी पेटली न्हाय, पोरं उपाशी ऱ्हायली." एवढं बोलून तो घरात गेला. आम्हाला साधं पाणीही विचारलं नाही.

परतताना मी म्हणालो, जुनी मढी कशाला उकरायची? काकू म्हणाली, "जुनं आसतं तर त्याच्या तोंडात इतकं ताजं न्हाय आलं आसतं."

ऐरण परत द्यायची, हे तिनं घरी पोचताच सांगितलं. काकांची भट्टी तेव्हा विळ्यांना पाणी देण्यापुरतीच पेटत असे, पण ते हबकले. "माझा हात तिच्यावर बसलाय," ते म्हणाले.

"व्हय. आन त्यांनी कशावर हात बसवायचा व्हता?"

दुसऱ्या दिवशी काकांनी शेवटचा एक कोयता ठोकला आणि स्वतःच पहारीनं ऐरण ओंडक्यातून मोकळी केली. मला त्यांच्याकडे बघवेना.

आबाच्या अंगणात आम्ही ती उतरवली. "आता हिचं काय करू?" तो म्हणाला. "भाता वादळात गेला, पोरं मुंबईला." मग त्यानं ऐरणीवर हात टेकला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. थोड्या वेळानं घराकडे तोंड करून म्हणाला, "सूनबाई, पानी आन. घरची मानसं आलीत."

त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला काकूनं पहिल्यांदा खऱ्या दर्यात नारळ सोडला. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मला म्हणाली, "बग, ओढ्यानंबी पोचवलाच की."

गेल्या वर्षी गणपती तोंडावर आले असताना काकू गेली. मी आबाला फोन केला. त्याचे गुडघे गेलेले, येणं शक्य नव्हतं. तो फक्त "बरं" म्हणाला. मला ते फार कोरडं वाटलं आणि रागही आला. काकूनं इतकं केलं, त्याचं हे फळ.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाडं घेऊन दिवेआगरला गेलो. घराघरांत मखरं सजत होती. आबाच्या ओटीवर काही नव्हतं. गणपतीचा पाट भिंतीला उभा करून ठेवलेला.

"आबा, मूर्ती नाही आणली अजून?"

त्यानं मला काही कळत नसल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"औंदा गनपती न्हाय," तो म्हणाला. "आमच्यात सुतक हाय."